सड्यावरचीं फुलें आणि गांवचे डोळे

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारें १२०० मीटर उंचीवर कासचें पठार पसरलें आहे. उन्हाळ्यांत तेथें जाणाऱ्यास जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यापलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं. मातीचा थर कोठें बोटभर, तर कोठें तितकाहि नाहीं. परंतु आषाढाच्या सरी कोसळून गेल्या व श्रावण-भाद्रपदाचें ऊन पडूं लागलें, कीं याच खडकावर निळे, पिवळे, गुलाबी ताटवे पसरतात. सपुष्प वनस्पतींच्या सुमारें ८५० जातींची नोंद येथें झाली आहे.

हें वैभव सुपीकतेचें नव्हे, तें दारिद्र्यांतून उपजलेलें आहे. सड्यावरील मातींत पोषक द्रव्यें फार थोडीं. म्हणून सीतेची आसवें ही इवलीशी वनस्पति जमिनींतल्या सूक्ष्म फुग्यांत बारीक जीव पकडून आपली उणीव भरून काढते, आणि दवबिंदु आपल्या चिकट केसांवर कीटक धरून ठेवतो. वायतुऱ्याचा कंद कोरड्या दिवसांत जमिनींत निजून राहतो व पावसाळ्यांत दुभागलेला तुरा घेऊन वर येतो. टोपली कारवी तर सात वर्षांनीं एकदां फुलते. उंच गवताची दाट सावली पडली, तर या ठेंगण्या जातींचा टिकाव लागणें कठीण.

२०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत महाराष्ट्रांतलीं स्थळें चार: कास, कोयना, चांदोली व राधानगरी. सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांत पसरलेल्या चांदोलीच्या वनांतहि असे सडे आहेत. मात्र तेथें वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठीं आंतलीं गांवें उठवून दुसरीकडे वसविण्यांत आलीं. कासला तसें झालें नाहीं. कास, कासाणी, एकीव, आटाळी येथील ग्रामस्थ संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या द्वारें वनखात्याबरोबर पठार राखूं लागले. प्रवाशांना पायवाटेवर ठेवणें, फूल तोडूं न देणें, कोणती जात कोठें उमलली तें दाखविणें, हीं कामें त्यांनीं पतकरलीं.

पठारावर प्रवाशांची झुंबड उडूं लागल्यावर फुलें तुडविलीं जाऊं नयेत म्हणून लोखंडी जाळीचें कुंपण उभारण्यांत आलें. हेतु चांगला होता. परंतु माणसांबरोबर गुरेंहि बाहेर राहिलीं; चराई थांबली आणि गवत माजलें. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या या सड्यावर गुरें चारलीं, त्यांच्या नजरेस फुलांचे ताटवे विरळ होत चालल्याचें दिसलें. जाणत्या अभ्यासकांनींहि गुरांचा वावर हा या सृष्टीचाच एक भाग असल्याचें सांगितलें. अखेर २०२२ सालीं तें कुंपण काढण्यांत आलें.

कुंपण घालणें सोपें असतें. तें चुकलें हें ओळखावयास मात्र दरवर्षीं त्याच जागीं उभें राहून पाहणारा माणूस लागतो. एका सहलींत पाहिलेल्या फुलांवरून पठाराचें आरोग्य समजत नाहीं. यंदा तेरडा केव्हां फुलला, गेंदाचे पांढरे ठिपके गेल्या सालापेक्षां वाढले कीं घटले, याचें उत्तर गांवाकडेच मिळतें. म्हणून कासला जाणाऱ्यानें छायाचित्र घेण्यापूर्वीं तेथील राखणदारास दोन प्रश्न विचारावे व त्याचें उत्तर सावकाश ऐकून घ्यावें.