दारू सुटताना घरच्यांनी काय करावं?

‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात आपण कुठं ना कुठं वाचलेली असते. त्या वाटेला जाऊ नका. डायसल्फिराम नावाचं औषध आहे खरं. पण ते पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब घसरतो, धाप लागते, जिवावरही बेततं. म्हणून ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच देतात.

दुसरी घाई माळेची, म्हणजे वारकऱ्यांची तुळशीची माळ घालून दारू एकदम सोडण्याची. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात दारू सोडली, तर हातपाय थरथरतात, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात. ‘बाहेरचं झालं’ म्हणून अंगारा लावत बसू नका. नांदेडकरांनी विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय गाठावं, लातूरकरांनी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं. माळेला माझा विरोध नाही, पुढं ती बळ देते. पण आधी दवाखाना.

डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथं रुग्णांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ गट आहे. कारण उधारी फेडून, मालकाला ‘ताप आलाय’ सांगून घरचेच नकळत व्यसन सांभाळतात. पिणाऱ्याची उधारी त्यालाच फेडू द्या. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना. उपचारानंतर पुन्हा प्यायला, तर परत घेऊन जा. असं अनेकांचं होतं. मारहाण होत असेल, तर मात्र आधी तुम्ही आणि लेकरं सुरक्षित जागी जा.

केंद्र सरकारचा मोफत व्यसनमुक्ती क्रमांक आहे १४४४६. फोन घरच्यांनाही करता येतो.