सार्वजनिक पैशाची तार आणि आपली वाडी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, "मी काही वक्ता नाही. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागलो, खांबावर चढलो, खड्ड्यात उतरलो आणि निवृत्त झालो. मला तारेशिवाय दुसरं काही बोलता येत नाही." त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मग तारेवरच बोला." म्हणून आज तारेवर बोलतो. गावोगाव इंटरनेट नेण्यासाठी सरकार जो पैसा खर्च करते तो कुठून येतो, कुठे जातो आणि आपल्या बौद्धवाडीपर्यंत का पोहोचत नाही, हा माझा विषय आहे.

आपण सगळे इथे शहरात राहतो. पण आपल्यापैकी निम्म्याहून अधिक घरांचा एक पाय अजून गावात आहे. कुणाची आई तिकडे, कुणाचा भाऊ. माझी पुतणी कोकणात आमच्या गावी असते. बारावी झाली, तालुक्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आता भारत सरकारची शिष्यवृत्ती भरायची. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. आपल्यातले कितीतरी डॉक्टर, वकील, कारकून तिच्यावर शिकले. पूर्वी तिचा फॉर्म कॉलेजात कागदावर मिळायचा. आता तो महाडीबीटीच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो.

मुलीचा मला फोन आला, "काका, घरात रेंज नाही. शाळेमागच्या सड्यावर गेलं की येते, पण दाखला चढवायला घेतला की मध्येच तुटते." शेवटी मायलेकी एसटीने तालुक्याला गेल्या. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या दिवशी गर्दी आणि सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी फॉर्म गेला. माझ्या वहिनीचे दोन दिवसांचे काम बुडाले, भाडे गेले, फॉर्म भरणाऱ्याचे पैसे वेगळे. ती संध्याकाळ हुकली असती तर वर्षभराच्या फीची पंचाईत होती.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मी ग्रामपंचायतीत गेलो. जुनी सवय, तार कुठे गेली ते बघायची. भिंतीवर पेटी होती, खाली बॅटऱ्या होत्या. पेटीवरचा दिवा विझलेला. शिपाई म्हणाला, "दादा, रस्ता रुंद करताना केबल तुटली. त्याला दोन पावसाळे झाले. बॅटऱ्याही बसल्या." म्हणजे कागदावर आमचे गाव जोडलेले होते आणि मुलगी सड्यावर उभी होती.

मित्रांनो, ही पेटी कुणाच्या पैशाची? माझे आजचे सगळे बोलणे या एका प्रश्नावर आहे.

आधी सरकारने यात पैसा का घालायचा ते बघू. चर खणायला लागणारा खर्च किलोमीटरवर असतो, घरांवर नसतो. शहरात एक किलोमीटर केबल टाकली की हजारो घरे मिळतात. आमच्याकडे एक किलोमीटर टाकली की दहा घरे, मध्ये ओढा आणि कातळ. कंपनीवाला हिशेब करतो आणि तालुक्यालाच थांबतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, तो धंदा करतो. म्हणून जिथे धंदा होत नाही पण गरज आहे, तिथे फरकाची रक्कम समाजाने भरायची असते. टपाल असेच गावोगाव गेले, वीज अशीच गेली. १९४३ साली विजेच्या धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी स्वस्त आणि भरपूर विजेचा आग्रह धरला होता, तो याच विचाराने. वीज ही चैन नसून देशाच्या उभारणीचा पाया आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले.

आता पैशाचा उगम. १९९९ च्या दूरसंचार धोरणात सर्वांना सेवा देण्याचे बंधन मान्य झाले. त्यासाठीचा निधी १ एप्रिल २००२ पासून सुरू झाला आणि २००३ साली त्याला कायद्याचा आधार मिळाला. दूरसंचार कंपन्यांकडून त्यांच्या महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क घेतले जाते, त्यातले ५ टक्के या निधीसाठी असतात. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. नाव बदलले, पैसा तोच.

कंपनी हे ५ टक्के पदरचे थोडेच घालते? ते आपल्या रिचार्जमधून येतात. हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण ढोबळ मानाने शंभर रुपयांतले पाच रुपये गावाच्या तारेसाठी असतात. इथली धुणीभांडी करणारी माझी बहीण रिचार्ज करते तेव्हा ती देते, सड्यावर उभी असलेली मुलगी रिचार्ज करते तेव्हा तीही देते. म्हणून अनुदान म्हणजे कुणी केलेले उपकार, असे कुणी मानू नये. ते आपलेच पैसे आहेत.

या पैशाचे काय झाले तेही ऐका. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती काचेच्या तारेने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने जोडायची योजना मंजूर केली. खर्च धरला होता सुमारे २० हजार कोटी. दोन वर्षांत काम होईल असे म्हटले होते. झाले नाही. पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडले. दुसऱ्या टप्प्याला २०१७ सालीच मंजुरी मिळाली. आपल्या महाराष्ट्रात ते काम राज्य शासनाच्या 'महानेट'मधून झाले. २०२१ साली १६ राज्यांसाठी खाजगी भागीदार बोलावले, तर कुणी बोलीच लावली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित योजना मंजूर झाली, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची. २०२५ च्या सुरुवातीला सरकारच्या आकड्याप्रमाणे सुमारे २ लाख १४ हजार पंचायती 'सेवेसाठी तयार' होत्या.

'सेवेसाठी तयार' या शब्दांकडे मी लाइनमनच्या नजरेने बघतो. तयार म्हणजे केबल पोहोचली, पेटी बसली. दिवा रोज पेटतो की नाही, ते या शब्दात येत नाही. केबल जमिनीत दीड मीटरहून खोल जायला हवी. कातळ लागला की चर उथळ राहतो, आणि पुढे नळाचे किंवा रस्त्याचे काम आले की जेसीबीच्या पहिल्या घावाला तुटते. तुटली तर जोडणारा माणूस हवा. विजेचे बिल कुणीतरी भरायला हवे. टाकायला पैसा मिळाला आणि सांभाळायला मिळाला नाही की असे होते. विहीर बांधली, पण रहाट बसवला नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी. तार येते ग्रामपंचायतीत आणि ग्रामपंचायत असते मोठ्या गावात. आपली वाडी ओढ्यापलीकडे. पंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा आपोआप होत नाही. जिथे होतो तिथे आधी कुणाच्या आळीत होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, मोबाईल आहे की, तार कशाला? मोबाईलचा टॉवरसुद्धा चांगला चालायला मागे काचेची तार लागते. एका टॉवरवर सारा गाव बसला की प्रत्येकाच्या वाट्याला थेंब येतो. आणि दिवसाच्या दीड जीबीत घरातल्या तीन मुलांचा अभ्यास होत नाही. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत गावातल्या शंभर घरांपैकी जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती, शहरात बेचाळीस. नंतर फोन वाढले हे खरे, पण फोन हातात असणे आणि फॉर्म वेळेवर भरता येणे यात किती अंतर असते, ते माझ्या पुतणीला विचारा.

इथे मला महाडची आठवण होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद झाला. पाणी मिळाले का? नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा पहिली ओंजळ भरली. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले.

मी तळ्याची आणि तारेची बरोबरी करत नाही. तिथे माणुसकीचा प्रश्न होता, आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली. पण त्यातला एक धडा इथेही लागू आहे. जे सार्वजनिक पैशाने झाले ते सर्वांचे आहे, आणि ते आपले आहे हे आपण जाऊन सांगितल्याशिवाय ते आपले होत नाही.

२०२३ च्या योजनेत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च तिच्यात धरला आहे. त्यामुळे 'दुरुस्तीला पैसे नाहीत' हे उत्तर यापुढे सहज ऐकून घेऊ नये. दुसरी गोष्ट, ज्या गावात पंचायतीचे कार्यालय नाही, अशा सुमारे ३ लाख ८० हजार गावांनाही जोडणी द्यायची आहे. पण ती मागणी केली तर. मागणी! मागितले नाही तर फाइल बंद.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या वेळी जत्रेला, लग्नाला, जयंतीला गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत पाच मिनिटे जा. पेटी आहे का? दिवा पेटतो का? बिल कोण भरते? शाळा, अंगणवाडी आणि आपली वाडी जोडलेली आहे का? एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर नीट मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचे तिकीट लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मग ग्रामसभेत उभे राहून मागणीचा ठराव लिहून घ्या. गावातल्या आयाबहिणींनी तो आधी महिला सभेत मांडावा. त्यांचा आवाज इतिवृत्तात आला की नुसते 'बघू' म्हणून चालत नाही.

आमच्या गावात आम्ही असा ठराव लिहून घेतला. केबल जोडली गेली, दिवा पेटला. वाडीपर्यंतचा तुकडा अजून व्हायचा आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. तोवर पंचायतीच्या ओट्यावर बसून मुले फॉर्म भरतात. पूर्वी त्या ओट्यावर आपल्या माणसाला बसायला मिळत नव्हते, हे म्हाताऱ्यांना आठवत असेल.

तरुणांनो, विहाराच्या या हॉलमध्ये रविवारी दोन तास बसा आणि गावाकडच्या मुलांचे अडलेले अर्ज इथून भरून द्या. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. इथून भरून देणे ही मदत झाली. तिथे तार चालू करून घेणे हा हक्क झाला. आपल्याला दोन्ही करायचे आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!