नदीचा बांध कोणी फोडला?

(गावच्या चावडीपुढे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



दिवसभर रानात राबून, कोणी भात्यावरून तर कोणी मागावरून उठून तुम्ही येथे येऊन बसलात. तेव्हा आम्ही फार लांबण लावणार नाही. आजचा विषय लढाईचा आहे. "मास्तर, लढाई हजारो कोसांवर, तिचे आम्हाला काय? आधी आमच्या विहिरीचे बघा," असे येताना दोघांनी आम्हाला ऐकविले. प्रश्न रास्त आहे. विहिरीचे दुःख खोटे नाही. पण लढाईत मरतो कोण, एवढे ऐकून घ्या. मग तिचे आपल्याला काय, ते तुम्हीच ठरवा.

शाळेत आम्ही पोरांना लढायांची सनावळी शिकवितो. कोण जिंकला, कोण हरला, तह कोठे झाला, हे सगळे पुस्तकात असते. ज्याच्या उभ्या पिकातून फौज गेली त्या कुणब्याचे पुढे काय झाले, हे मात्र बहुधा नसते. ती गाळलेली ओळ आज आम्ही सांगणार आहोत.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठी स्वारी केली. डिसेंबरात नानकिंग शहर पडले आणि पुढे सहा आठवडे तेथे निःशस्त्र लोकांची कत्तल झाली, बायाबापड्यांची अब्रू लुटली गेली. ही गोष्ट जगभर गाजली. पण पुढच्याच वर्षी जे घडले ते शेतकऱ्याने विशेष कान देऊन ऐकावे असे आहे.

चीनच्या होनान प्रांतातून पीत नदी वाहते. ती गाळाने इतकी भरली आहे की तिचे पात्र आजूबाजूच्या रानाहून उंच झाले आहे. पिढ्यान्‌पिढ्या माती टाकून घातलेल्या बांधांनीच ती आवरून धरली आहे. जून १९३८ मध्ये जपानी फौज जवळ येऊन ठेपली. तिची वाट अडविण्याकरिता चीनच्या स्वतःच्याच फौजेने ह्वायुआनकौ या ठिकाणी नदीचा बांध फोडला. दिवस गव्हाच्या काढणीचे होते. बेत शत्रूला कळू नये म्हणून खालच्या बहुतेक गावांना आधी खबरसुद्धा दिली नाही. पाणी तीन प्रांतांत पसरले. नदीने आपली वाटच बदलली. तिला जुन्या पात्रात परत आणीपर्यंत १९४७ साल उजाडले. बुडून, उपासाने व रोगराईने मेलेल्यांचे बहुतेक अंदाज चार लाखांच्या पुढे जातात. आणि सरकारने जाहीर काय केले? तर बांध जपानी बॉम्बने फुटला!

आपल्याकडे हातभर बांध कोरला म्हणून भाऊ भावाला कोर्टात खेचतो. तेथे राखणदारानेच बांध फोडला. आणि दाद मागायची कोणाकडे? जपानी फौज काही महिने थबकली खरी. पण ज्या वुहान शहराला वाचविण्याकरिता हे केले, ते ऑक्टोबरात पडलेच.

एवढ्यावर त्या प्रांताची सुटका झाली नाही. १९४२ साली तेथे अवर्षण पडले, पीक बुडाले. तरी फौजेकरिता धान्याची वसुली चालूच राहिली. दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे गेली असे अभ्यासक सांगतात. त्याच सुमारास आपल्या बंगालची गत निराळी नव्हती. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारने बंगालच्या किनारपट्टीतील कोळ्यांच्या व नावाड्यांच्या होड्या काढून घेतल्या. भाव कडाडले, आणि १९४३ साली सुमारे तीस लाख लोक अन्नावाचून व साथींनी मेले. तेथे लढाईची आघाडी नव्हती, तोफ धडाडली नव्हती. बंदूक ज्याने पाहिलीही नाही, तोच आधी मेला.

आता कोणी म्हणेल, ऐकून वाईट वाटले. पण आपण गरीब माणसे, आपल्या हातून काय व्हायचे? त्याचे उत्तर आपल्या सोलापुरात आहे. १९३८ साली आपण स्वतःच पारतंत्र्यात होतो. तरी काँग्रेसने चीनच्या लोकांकरिता फंड उभारला. त्या पैशातून पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. ते तिकडची भाषा शिकले. जखमी शिपायांबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांतल्या रयतेलाही औषधपाणी केले. आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. तेथल्याच एका परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. त्यांनी लढाई थांबविली काय? नाही. पण संकटात आपल्यासाठी परका माणूस धावून आला, हे तिकडची माणसे आजवर विसरली नाहीत.

येथे एक आडवा प्रश्न आहे, तो आम्ही टाळणार नाही. १९६२ साली चीनशी आपले युद्ध झाले. २०२० साली गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान पडले. आपल्या तालुक्यातलीही पोरे फौजेत आहेत. मग चिन्याच्या दुःखाने आपण का हळहळावे? आमचे म्हणणे इतकेच, की आपल्या जवानांचा मान रतिभर कमी न करताही होनानच्या कुणब्याकरिता डोळ्यांत पाणी येऊ शकते. गलवानचा हुकूम त्याने दिला नव्हता. तद्वत नानकिंगचे पाप टोकियोच्या सुताराच्या पोराच्या माथी मारता येत नाही. पण १९४५ च्या मार्चात एका रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले, त्यात सुमारे एक लाख माणसे जळाली, ती बहुतेक अशीच घरे होती. राजे, सेनापती आणि मंत्री आपापला झगडा मांडतात. त्याचे माप भरतो तो कारागीर आणि कुणबी, इकडचा काय नि तिकडचा काय.

आणि लढाई दूर राहते, हाही भ्रमच. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा आपल्या दुकानांत सूर्यफुलाचे तेल महागले, हे बायांना आम्ही सांगायला नको.

तर करायचे काय? आमची तीन मागणी आहेत. पहिली, रेडिओवर वा मोबाईलवर कोठले शहर बेचिराख झाल्याचे ऐकू आले तर पोरांना टाळ्या पिटू देऊ नका. 'खालच्या गावांचे काय झाले?' एवढे विचारायला शिकवा. दुसरी, पीडितांकरिता फंड निघाला तर पैसा-दोन पैसा जरूर द्या. पण पावती घ्या, आणि हिशेब याच चावडीवर मोठ्याने वाचायला लावा. तिसरी मोठी आहे. धरणे व बांध यांवर हल्ला करून लोकांना बुडवू नये, उभी पिके व पाणवठे नासवू नयेत, रयतेला उपाशी मारू नये, असा करार १९७७ साली जगातील देशांनी केला. पुष्कळ देशांनी त्याला मान्यता दिली. आपल्या देशाने अद्याप दिलेली नाही. सरकारची आपली काही कारणे असतील. पण बांध ज्याचा, बोलायचा हक्कही त्याचाच. येत्या ग्रामसभेत आपण ठराव करू, की सरकारने या कराराचा विचार करावा, आणि तो ठराव आपल्या आमदार-खासदारांकडे धाडू.

एका गावच्या ठरावाने लढाया थांबणार नाहीत, हे आम्हालाही कळते. पण होनानच्या गावांना कोणी विचारलेच नाही. आपल्याला विचारण्याआधीच आपण सांगून ठेवू. ठराव लिहून आणला आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा करावा. आणि ज्यांना पटत नाही त्यांनी उठून येथेच बोलावे.