मूर्ती लहान, कीर्ती महान
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



संमेलनात विद्यार्थ्यांचे गुणगौरव होतात आणि त्याच वेळी, ‘आमचा मुलगा अंगाने अगदीच किरकोळ, त्याला खेळ कसले झेपणार?’ असे आईबापांचे उद्गारही आमच्या कानी पडतात. त्यांच्यासाठी आज आम्ही एका मुष्टियोद्ध्याचे चरित्र निवडले आहे.

पास्कुआल पेरेस याचा जन्म १९२६ साली अर्जेंटिनातील मेंडोसा प्रांतात झाला. हा प्रांत द्राक्षमळ्यांविषयी प्रसिद्ध आहे. पेरेसची उंची जेमतेम पाच फूट. मुष्टियुद्धात वजनावरून गट पाडतात. ११२ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५१ किलोंचा, फ्लायवेट गट त्या काळी सर्वांत हलका होता. पेरेसचे वजन पुष्कळदा त्याहूनही कमी भरे. म्हणजे आपल्याहून जड प्रतिस्पर्ध्याशी लढणे हे त्याच्या नशिबीच होते.

१९४८ साली हौशी खेळाडू म्हणून तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला. तेथे वजनाच्या वेळी एक विलक्षण घोटाळा झाला. त्याच्याच पथकातील पारेस नावाच्या अधिक वजनाच्या खेळाडूशी अधिकाऱ्यांनी त्याची गल्लत केली आणि वजन जास्त म्हणून त्याला बाद ठरविले! चूक उमगल्यावर त्याला परत घेण्यात आले. अंतिम सामन्यात इटलीच्या बांदिनेल्लीला हरवून त्याने सुवर्णपदक मिळविले.

याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव फ्लायवेट गटात कुस्ती खेळले व सहावे आले, हे आम्हांला येथे आवर्जून सांगावयाचे आहे. १९५२ साली हेलसिंकीत, एक गट वर जाऊन, त्यांनी कांस्यपदक जिंकले. हलक्या वजनाच्या माणसाने पराक्रम करावा, ही गोष्ट आपल्या मातीलाही परकी नाही.

पेरेस धंदेवाईक झाला तो डिसेंबर १९५२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. जगज्जेतेपद त्या वेळी जपानच्या योशिओ शिराईकडे होते. जुलै १९५४ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे दोघांची लढत बरोबरीत सुटली. त्या सामन्यात पद पणाला लागलेले नव्हते. २६ नोव्हेंबर १९५४ रोजी मात्र पेरेसने शिराईच्याच टोकियो शहरात, पंधरा फेऱ्यांअंती गुणांवर विजय मिळविला. मुष्टियुद्धातील अर्जेंटिनाचा तो पहिला जगज्जेता. पुढच्या मे महिन्यात शिराईने पुन्हा आव्हान दिले, तेव्हा पाचव्या फेरीतच निकाल लागला.

जानेवारी १९५९ मध्ये साडाओ याओइताने त्याला हरविले. त्याही सामन्यात पद पणाला नव्हते. पण धंदेवाईक कारकिर्दीतला हा पहिलाच पराभव त्याच्या जिव्हारी लागला असल्यास नवल नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात, ओसाका येथे, पद पणाला लावून त्याने याओइताला तेराव्या फेरीत लोळविले. एप्रिल १९६० मध्ये बँकॉकला थायलंडच्या पोन किंगपेचने त्याचे पद घेतले. पंचांतही त्या निकालावर एकमत नव्हते. सप्टेंबरात लॉस एंजेलिसला पेरेस पुन्हा हरला, आणि त्या वेळी शंकेला जागा उरली नाही. १९६४ साली त्याने हातमोजे उतरविले. १९७७ साली तो निवर्तला.

मुष्टियुद्ध हा धोक्याचा खेळ आहे. त्यात मुलांना लोटा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मुलाची योग्यता तराजूने ठरवू नये. लंडनला वजन करणाऱ्यांची चूक वेळीच दुरुस्त झाली. घरातल्या वडीलधाऱ्यांची चूक दुरुस्त करावयास मात्र कोणी पंच नसतो. ती आपली आपणच सुधारली पाहिजे.