संगणकाची गुप्त किल्ली

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राइतकेंच तेथील मातोश्री अभियांत्रिकी महाविद्यालय आपणांस परिचित आहे. तेथें आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांस एक विनंती. क्लाउड म्हणजे भाड्यानें घेतलेले दूरचे संगणक. त्यांची गुप्त किल्ली आज्ञावलींत लिहूं नये. २०१६ सालीं उबेरच्या अभियंत्यांच्या खाजगी गिटहब-संग्रहांत अशी किल्ली राहिली होती. ती चोरांच्या हातीं लागली आणि ५ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती गेली.

किल्ली चुकून लिहिली गेल्यास ओळ खोडून भागत नाहीं. गिटच्या इतिहासांत ती उरतेच. म्हणून प्रथम ती रद्द करावी. घरीं काम करतांना कांहीं तासांनीं आपोआप निरुपयोगी होणारी तात्पुरती किल्ली वापरावी. ती चोरीस गेली, तरी चोराच्या उपयोगीं फार काळ पडत नाहीं.