जेवलात, तर बोला

आमच्या बदलापूरच्या बचत गटातल्या बायकांच्या मुली मोबाईलवर कोरियन मालिका बघतात. त्यांनी आम्हाला जेवणाचं कौतुक शिकवलं. मैत्रिणीला म्हणायचं 'मासिस्सॉ', मोठ्यांना किंवा अनोळखी माणसाला 'मासिस्सॉयो', अगदी औपचारिक ठिकाणी 'मासिस्सुम्निदा'. अर्थ एकच, चविष्ट आहे. जेवण झाल्यावर रांधणारीला सांगतात, 'चाल मॉगॉस्सुम्निदा', म्हणजे छान जेवलो.

आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो. आपल्याकडेही मान राखून बोलता येतंच की. लेकीला 'आमटी छान केलीस गं', सासूबाईंना 'आई, आमटी छान केलीत'. उल्हासनगरची सिंधी शेजारीण म्हणते, 'डाढो सुठो'. शब्द आहेत, पण घरात ऐकू येतं ते 'मीठ कमी पडलंय'. चांगलं झालं, तर ताट नुसतं रिकामं होतं.

म्हणूनच अंबरनाथला डब्याची ऑर्डर घेताना भाव सांगायला आमची जीभ अडखळते. आपल्या हाताला चव आहे हे कधी ऐकलंच नाही, तर दाम मागणार कशा?

आज रात्री सुरुवात आपणच करू. सासूबाईंनी, जावेनं, सुनेनं केलेलं आवडलं, तर तोंडावर सांगू. आणि घरातल्या पुरुषांनाही म्हणू, जेवलात, तर बोला.