मंदावलेल्या गतीचा शोध



डिस्कवरील माहिती कोठे व कशी ठेवायची आणि मागताच ती कशी काढून द्यायची, याची व्यवस्था पाहणाऱ्या प्रणालीला फाइल सिस्टीम म्हणतात. आणि नव्या आवृत्तीत तेच काम पूर्वीपेक्षा संथ होऊ लागले, तर त्या पीछेहाटीला परफॉर्मन्स रिग्रेशन असे नाव आहे. अशा वेळी उत्तर चुकत नाही की यंत्र बंद पडत नाही, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कॅनडात या प्रश्नाचा मोलाचा अभ्यास झाला आहे. टोरोंटो विद्यापीठातील जेनी रेन, मायकेल स्टम, डिंग युआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नलची, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधील, फाइल सिस्टीमही ज्यात मोडते त्या गाभ्याची, सात वर्षांतील वाटचाल मोजली, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये ऑन्टारिओतील हंट्सव्हिल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तिचे निष्कर्ष मांडले. अनेक मूलभूत क्रिया वेगवान होण्याऐवजी संथ झाल्या होत्या, आणि त्यातील बहुतेक घट अवघ्या 11 बदलांमुळे झाली होती.

त्यातील एक उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. अनेक उघड्या फाइलींपैकी कोणती वाचण्यास तयार आहे, हे विचारणारी ‘सिलेक्ट’ ही क्रिया प्रत्येक फाइलीसाठी तिच्या प्रकारानुसार वेगळ्या उपक्रियेकडे वळते, आणि वळण्याचा पत्ता आयत्या वेळी ठरतो. 2018 च्या आरंभी उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरमधील दोषाचा फायदा हल्लेखोरांनी घेऊ नये, म्हणून नेमकी अशीच वळणे मुद्दाम संथ करावी लागली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या तुलनेत या क्रियेला दुप्पट वेळ लागू लागला. सुरक्षेसाठी मोजलेली ही किंमत समर्थनीय आहे. परंतु याच अभ्यासात काही घट केवळ चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे झाल्याचे आढळले, आणि तिचे समर्थन कोणत्याही निकषावर होऊ शकत नाही.

गती मंदावण्याचे कारण शोधण्याची रीत सोपी असली, तरी ती शिस्त मागते. चांगली आणि संथ आवृत्ती यांच्यामध्ये हजार बदल असतील, तर मधली आवृत्ती तपासून दर वेळी निम्मे बदल वगळता येतात, आणि सुमारे दहा चाचण्यांत दोषी बदल हाती येतो. बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या प्रणालीतील ‘गिट बायसेक्ट’ हे साधन हेच करते. मात्र प्रत्येक चाचणीचे मोजमाप विश्वासार्ह नसेल, तर शोध भलत्याच बदलापाशी जाऊन थांबतो. उदाहरणार्थ, एकदा वाचलेली फाइल सहसा मेमरीत राहते, त्यामुळे दुसरे वाचन डिस्कपर्यंत जातच नाही. कोऱ्या डिस्कवरील फाइल सहसा सलग लिहिली जाते, तर वापरून जुन्या झालेल्या डिस्कवर ती तुकड्यांत विखुरू शकते. म्हणून तेच यंत्र, तीच प्रारंभिक स्थिती आणि पुनःपुन्हा घेतलेली मोजणी यांवाचून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

संगणकशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या पहिल्या प्रकल्पापासूनच प्रत्येक बदलापूर्वीची आणि बदलानंतरची गती, यंत्राच्या व कॉन्फिगरेशनच्या तपशिलासह नोंदवून ठेवावी, आणि शिक्षकांनी गुण देताना ती नोंदवही अवश्य तपासावी, ही आग्रहाची विनंती.